ताप उतरवला कुणी?

महाराष्ट्रातील सर्व औषध दुकानदारांस खुले पत्र



पाऊस सुरू झाला की दुकानासमोरची गर्दी बदलते. रक्तदाबाच्या आणि शुगरच्या गोळ्यांची महिन्याची स्ट्रिप नेणारी नेहमीची गिऱ्हाइके असतातच, त्यांच्या मधून हात पुढे काढून कुणीतरी म्हणतो, "अ‍ॅझीच्या तीन द्या, पाचशेच्या." चिठ्ठी विचारली तर मोबाइलमधून गेल्या वर्षीच्या चिठ्ठीचा फोटो निघतो, किंवा तोही निघत नाही. ताप कधीपासून? परवापासून. अंग मोडून आलंय, घसा धरलाय, नाक गळतंय. "गेल्या वेळी हीच घेतली होती. दोन दिवसांत गुण आला." मागे आणखी चारजण ताटकळत असतात. गोळ्या कापून दिल्या जातात आणि पुढच्याचा नंबर लागतो.

हे पत्र त्या दोन दिवसांत आलेल्या गुणाबद्दल आहे. गुण आला हे खरेच असते. गिऱ्हाईक खोटे बोलत नाही. प्रश्न एवढाच, की तो गुण कुणाचा? पावसाळ्यातला सर्दी-खोकल्याचा ताप बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन या विषाणूंचे काही वाकडे करू शकत नाही. माणूस दुकानात येतो तो साधारण तिसऱ्या दिवशी, सगळ्यात जास्त हैराण झालेला असताना. शरीराचे स्वतःचे काम तेव्हा निम्म्यावर आलेले असते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरायचाच असतो. मधल्या काळात तीन गोळ्या पोटात गेलेल्या असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि ते घर पुढची दहा वर्षे कावळ्याचे उपकार मानत राहते.

डी. फार्म.ला शिकलेली एक गोष्ट काउंटरच्या धांदलीत मागे पडते, तिची आधी उजळणी. जिवाणू एकाच पेशीचा असला तरी स्वतंत्र जीव आहे. त्याला स्वतःची भिंत असते, प्रथिने बनवणारी स्वतःची यंत्रणा असते. अमॉक्सिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिने बनणे थांबवते. माणसाच्या पेशीला तशी भिंत नाही आणि तिच्या रायबोसोमची घडण वेगळी आहे, म्हणून ही औषधे माणसाला सोडून जिवाणूला धरतात. विषाणूकडे यातले काहीच नसते. प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेली थोडी जनुके एवढाच त्याचा संसार. बाकी सगळे तो आपल्या पेशीचे वापरतो. अँटिबायोटिकला धरायला तिथे जागाच नाही.

शरीरालाही हाच प्रश्न सोडवायचा असतो: आलेला पाहुणा कोण? त्याला तो रिपोर्टशिवाय आणि काही तासांत सोडवावा लागतो.

हे शरीर कसे जमवते, याचा उलगडा व्हायला विसावे शतक संपत यावे लागले. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल्स हॉफमन आणि त्यांचे सहकारी फळमाशीवर काम करत होते. 1996 साली त्यांना दिसले, की 'टोल' नावाचे एक जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने पटापट मरतात. दोन वर्षांनी अमेरिकेत डलासला ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने उंदरांत त्याच घराण्यातले जनुक शोधले. काही जिवाणूंच्या बाहेरच्या कवचात एक स्निग्ध पदार्थ असतो. तो रक्तात आला की शरीराला ताप भरतो, प्रमाण जास्त झाले की रक्तदाब कोसळतो. हे जनुक बिघडलेल्या उंदरांना त्या पदार्थाचा पत्ताच लागत नव्हता. 2011 साली दोघांना नोबेल मिळाले.

माणसात जंतूची खूण ओळखणारी अशी दहा प्रथिने, म्हणजे टोलसदृश ग्राहके, आहेत, आणि त्यांच्या जागा पाहण्यासारख्या आहेत. जिवाणूचे कवच किंवा त्याची पोहण्याची शेपटी ओळखणारी ग्राहके पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, कारण बहुतेक जिवाणू बाहेरच वावरतात. विषाणूंचा आरएनए ओळखणारी ग्राहके पेशीच्या आत, गिळलेला माल जिथे फोडला जातो त्या पिशव्यांत असतात, कारण विषाणूचा कारभार आतला. म्हणजे कोणते ग्राहक वाजले यावरूनच आलेला कोणत्या जातीचा, याचा पहिला अंदाज शरीराला येतो आणि त्याप्रमाणे पुढचे हुकूम सुटतात. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीत भरायचे पाणी नव्हे. तिच्यात 'जास्त' आणि 'कमी' याच्याआधी 'कोणती' हा प्रश्न येतो. काउंटरवर इम्युनिटी वाढवणाऱ्या बाटल्यांची जी रांग असते, तिच्या लेबलांवर या प्रश्नाचे उत्तर कुठेच नसते, हे जाता जाता.

आता तापाकडे येऊ. ताप म्हणजे जंतूंचा धुमाकूळ, असे गिऱ्हाइकाला वाटते; म्हणून ताप चढला की औषधही जोरात हवे, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा असल्याचा पुरावा मुंबईत भायखळ्यालाच सापडतो.

1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन नावाचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तेव्हा कलकत्त्याकडे कॉलऱ्याच्या लशीचे काम करत होता. त्याला मुंबईला बोलावण्यात आले. हा ओडेसात शिकलेला, इल्या मेचनिकॉफचा विद्यार्थी. मेचनिकॉफ म्हणजे ज्याने 1882 साली इटलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्याभोवती अळीच्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. जंतूंना गिळणाऱ्या पेशींची कल्पना तिथून निघाली, आणि 1908 साली त्याला त्यासाठी नोबेल मिळाले. त्याच्या या शिष्याने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत प्लेगचे जिवाणू वाढवले, उष्णता देऊन मारले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्या मेलेल्या जिवाणूंची लस सगळ्यांत आधी स्वतःला टोचून घेतली. त्याला ताप भरला, टोचल्या जागी सूज आणि ठणका सुरू झाला. तरी तो कामावर राहिला. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या, स्वतःहून तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली. परळची हाफकिन संस्था, जिचे नाव आपण सर्पदंशावरच्या प्रतिविषामुळे ओळखता, ती याच कामातून उभी राहिली.

हाफकिनने टोचून घेतलेल्या लशीत प्लेगचा एकही जिवंत जिवाणू नव्हता. तरी ताप आला. मेलेल्या जिवाणूचे कवच पाहून त्याच्या पांढऱ्या पेशींनी इंटरल्युकिन आणि तशीच आणखी काही रसायने रक्तात सोडली. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचली. तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार झाले आणि शरीराचे तापमान वर सरकवून ठेवण्यात आले. पॅरासिटामॉल याच टप्प्यात हात घालते. जंतूशी त्या गोळीचे काही देणेघेणे नाही.

आजही हे रोज घडते. बाळाला दीड महिन्याची लस टोचली की रात्री ताप येतो. आशाताई आधीच सांगून ठेवतात, आई पॅरासिटामॉलचे थेंब नेते, आणि त्या तापावर अँटिबायोटिक द्या असे कुणी म्हणत नाही. तो ताप शरीराने आणलेला आहे हे सगळ्यांना मान्य असते. तोच ताप शाळेतून सर्दी घेऊन आलेल्या मुलाला आला की मात्र धीर सुटतो.

विषाणूच्या बाबतीत शरीराचे वेळापत्रक तर अगदी ठरलेले असते. 1957 साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे आणि उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू घेऊन प्रयोग करत होते. विषाणू लागलेल्या पेशी काहीतरी सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशींना विषाणू लागत नाही, असे त्यांना दिसले. त्या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन म्हटले. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला हात लावत नाही. ते शेजारच्या पेशीला सावध करते, आणि ती पेशी आपलाच प्रथिने बनवण्याचा कारखाना आवरता घेते, आत शिरलेला विषाणूचा आरएनए तोडणारी विकरे तयार ठेवते. विषाणूला कच्चा माल मिळत नाही.

याची किंमत आपण मोजतो. अंग मोडून येणे, हातपाय गळणे, पडून राहावेसे वाटणे, यात इंटरफेरॉनचा मोठा वाटा आहे. हिपॅटायटिस सीवर नवी औषधे येण्यापूर्वी रुग्णांना महिनोन्महिने इंटरफेरॉनची इंजेक्शने घ्यावी लागत. अशा रुग्णांना इंजेक्शननंतर फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी व्हायची; फ्लू मात्र झालेला नसायचा. तेव्हा दुसऱ्या दिवशी दुकानात आलेला, डोळे लाल झालेला माणूस हरत चाललेला नसतो. त्याच्या शरीराचा पहिला बंदोबस्त पूर्ण जोरात चालू असतो.

दुसरा बंदोबस्त उशिरा येतो, आणि तो उशीर टाळता येत नाही. नाका-घशातला विषाणूचा नमुना घेऊन काही पेशी गळ्यातल्या लसिकाग्रंथींत जातात. गिऱ्हाईक जबड्याखाली बोट लावून "गाठ आली आहे" म्हणते ती हीच जागा. तिथे कोट्यवधी टी पेशींतून त्या नमुन्याला नेमकी बसणारी एखादी शोधायची, तिच्या लाखो प्रती काढायच्या आणि त्या घशाकडे, फुप्फुसाकडे रवाना करायच्या, यात पाच-सात दिवस जातात. या मारक टी पेशी विषाणू लागलेली आपलीच पेशी ओळखून तिला मरायला लावतात. आपल्या पेशीची खूण आणि विषाणूचा तुकडा अशी जोडी दिसली तरच त्या हात उचलतात. हे कॅनबेरात पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी 1973-74 च्या सुमारास उंदरांवर दाखवले आणि 1996 चे नोबेल मिळवले. अँटिबॉडीही या टी पेशींच्या सुमारासच रक्तात दिसू लागतात. डेंगीत डॉक्टर पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 सांगतात आणि त्यानंतर आयजीएम, ते याचमुळे: आधी विषाणूचे प्रथिन सापडते, शरीराचे उत्तर मागाहून. आयजीएम तपासण्याचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार होऊन देशभरातल्या ठरावीक रुग्णालयांना जातात.

एवढे होऊनही खोकला राहतोच. विषाणू गेलेला असतो, पण श्वासनळीचे सोलवटलेले अस्तर भरून यायला वेळ लागतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सर्दीनंतरचा खोकला सरासरी सुमारे 18 दिवस टिकतो असे आढळले; लोकांची अपेक्षा मात्र सात ते नऊ दिवसांची होती. अँटिबायोटिकचा मोठा खप या दोन आकड्यांमधल्या दहा दिवसांत होत असणार.

आणि मग ते ठरलेले वाक्य येते: "कफ पिवळा झालाय, इन्फेक्शन आहे."

हे वाक्य दुकानातच नाही, दवाखान्यातही चालते, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबायला हवे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचे एक विकर ठासून भरलेले असते. ते जंतू मारायला ब्लीचिंगच्या जातीचे रसायन तयार करते. रक्तात लोह असलेला जो लाल घटक असतो, त्याच जातीचा घटक या विकरातही आहे, पण त्याचा रंग हिरवा येतो. सर्दीच्या पहिल्या दिवशी नाक पाण्यासारखे गळते. दोन-तीन दिवसांनी अस्तरात न्यूट्रोफिल गोळा होतात, तिथेच मरतात, आणि त्यांच्यातले हे हिरवे विकर शेंबडात, कफात मिसळते. थोडे असले की पिवळसर, जास्त असले की हिरवट. साध्या विषाणूच्या सर्दीतही हे होते. रात्रभर साचलेला सकाळचा पहिला बेडका म्हणूनच जास्त गडद दिसतो. तो रंग आपल्याच पेशींचा आहे. धडधाकट माणसाच्या सर्दीत निव्वळ रंगावरून जिवाणू आहे की नाही हे ठरवता येत नाही. दम लागतो का, छातीत दुखते का, बरा झालेला ताप पुन्हा उलटला का, हे विचारावे लागते.

न्यूट्रोफिलचे खरे काम जिवाणूंच्या संसर्गात. हाडांच्या मगजात रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात आणि बहुतेक दिवसाभरात मरतात. जिवाणूची वर्दी मिळाली की त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जिवाणूला गिळतात. गळवातला पू म्हणजे मुख्यतः त्यांचेच ढीग. पण न्यूमोकॉकससारखा जिवाणू साखरेच्या गुळगुळीत आवरणात राहतो. त्याच्यावर न्यूट्रोफिलची पकड बसत नाही. आधी अँटिबॉडी आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने त्याच्या अंगाला चिकटावी लागतात, मग तो गिळता येतो. अँटिबॉडी बनेपर्यंतचे दिवस इथे धोक्याचे असतात, आणि अँटिबायोटिक जीव वाचवते ते नेमके या दिवसांत.

रिपोर्टात हाच फरक उमटतो. जिवाणू असेल तर बहुधा पांढऱ्या पेशी आणि त्यातले न्यूट्रोफिल वाढतात. विषाणू असेल तर अनेकदा पेशी कमी होतात आणि लिम्फोसाइटचे प्रमाण वर जाते. सीआरपी हे यकृतात बनणारे प्रथिन 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. जिवाणूच्या गंभीर संसर्गात ते बहुधा खूप वाढते, साध्या विषाणूच्या तापात कमी. व्हिएतनाममध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोटातल्या रक्ताच्या थेंबावर सीआरपी तपासून औषध द्यायचे की नाही हे ठरवण्याची चाचणी झाली. 2016 साली आलेल्या निष्कर्षांनुसार अँटिबायोटिक घेणाऱ्यांचे प्रमाण 78 टक्क्यांवरून 64 टक्क्यांवर आले. 64 हाही काही लहान आकडा नाही. शिवाय टायफॉइडमध्ये जिवाणू असूनही पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. रिपोर्ट वाचणे हे डॉक्टरांचे काम, ते याचसाठी.

अँटिबायोटिकला शिव्या घालणे हा या पत्राचा हेतू नाही. 1918 च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून फ्लू देशात पसरला आणि भारतात एक कोटीहून जास्त माणसे गेली. त्या साथीत जगभर मेलेल्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत जिवाणूंचा न्यूमोनिया आढळला. फ्लूच्या विषाणूने अस्तर खरवडून ठेवले होते, आणि उंदरांवरचे प्रयोग सांगतात, की विषाणूसाठी सोडलेले इंटरफेरॉन काही काळ जिवाणूविरुद्धचा बंदोबस्त ढिला करते. नेमक्या त्या खिंडीतून न्यूमोकॉकस आत घुसला. तेव्हा पेनिसिलिन नव्हते. आज फ्लू बरा होत आला आणि चार दिवसांनी थंडी वाजून पुन्हा ताप चढला, तर तो माणूस तासाभरात डॉक्टरांसमोर असायला हवा.

स्ट्रेप्टोकॉकसचा घसाही असाच. तो पुरता बरा झाला नाही तर त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी काही मुलांच्या हृदयाच्या झडपांना शत्रू समजतात आणि सांधेज्वरातून झडपा खराब होतात. तिथे पेनिसिलिनचा दहा दिवसांचा पूर्ण कोर्स लागतो. चार गोळ्या कापून देण्यात काही हशील नाही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना डॉक्सिसायक्लिनचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. 2018 साली नागपूर परिसरात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या या तापात डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाले तर माणूस लवकर सावरतो. पावसाळ्यात डेंगी, लेप्टो, टायफॉइड आणि फ्लू एकाच गल्लीत नांदतात. काउंटरवरून त्यांच्यात फरक करणे कुणालाच शक्य नाही. अंदाजाने दिलेल्या तीन गोळ्या एकीकडे डेंगीला उपयोगाच्या नसतात, दुसरीकडे टायफॉइडला अर्धवट दाबून पुढची रक्ताची कल्चर तपासणी बिघडवतात.

पुड्यांबद्दल बोलायला हवे. काही ठिकाणी अजून 'डोस बांधून' मिळतो: कागदाच्या पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या, नावाशिवाय. त्यात एक बारीक पांढरी गोळी बहुतेकदा स्टेरॉइडची असते. सगळ्यात लवकर गुण तिचाच येतो, कारण ती ताप, सूज, अंगदुखी हे शरीराचे उत्तरच गप्प करते. जंतू मोकळाच राहतो. कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये झालेल्या रिकव्हरी चाचणीने 2020 च्या जूनमध्ये डेक्सामेथासोनचा हिशेब मांडला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने; ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. एकच गोळी, एकच आजार. फरक फक्त वेळेचा. आधी विषाणूला आवरायचे असते, उशिरा स्वतःच्याच उसळलेल्या प्रतिसादाला. 2021 च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण पाहिले. त्यांतल्या अनेकांना मधुमेह होता आणि स्टेरॉइड दिले गेले होते.

कायदा आपल्याला ठाऊक आहे. अमॉक्सिसिलिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 आले: बरीच वरच्या पिढीची अँटिबायोटिके, वेगळे रजिस्टर, त्यात डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव, आणि ते तीन वर्षे जपायचे. 2024 च्या जानेवारीत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी औषध विक्रेत्यांच्या संघटनांना पत्र लिहून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक न देण्याची विनंती केली. डॉक्टरांनाही लिहिले, की चिठ्ठीवर कारण नोंदवा. कायदा असतानाही 2019 मध्ये देशाच्या खासगी बाजारात सर्वांत जास्त खपलेले अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिनची पाचशेची गोळी हेच होते. आणि त्याच वर्षी औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात 12.7 लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल भाषणात दुकानाचाच उल्लेख केला होता. पेनिसिलिन उद्या कुणालाही दुकानात मिळू लागेल, अजाण माणूस ते कमी डोसात घेईल आणि जिवाणूंना त्याची सवय लावेल, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली होती. अ‍ॅझीच्या गोळीला सर्दी झालेल्या माणसाच्या घशातला विषाणू मारता येतच नाही. आतड्यात, त्वचेवर, घशात शांतपणे राहणारे जिवाणू मात्र त्या गोळीला सामोरे जातात. त्यातले कच्चे मरतात, पक्के उरतात. पुढे कधी त्याच माणसाला खरोखर न्यूमोनिया झाला की गाठ त्या उरलेल्यांशी पडू शकते.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही, हे इथे लिहायलाच हवे. डॉक्टरांची फी आणि एक दिवसाची बुडालेली मजुरी मिळून गोळ्यांच्या कितीतरी पट होते. कित्येक गावांत संध्याकाळी सातनंतर उघडे असलेले एकमेव पांढरे दार आपले असते. या दोषात डॉक्टरही मागे नाहीत. रुग्ण दुसरीकडे जाईल या धास्तीने सर्दीला अँटिबायोटिक लिहिणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. आपण नाही दिले तर समोरचा देणार, हेही खरे.

तरीही गिऱ्हाईक सर्वांत आधी आपल्यापुढे उभे राहते. म्हणून विनंती आहे ती काउंटरवरच्या एका मिनिटाची. ताप कितवा दिवस, हे विचारावे. दुसरा-तिसरा दिवस, नाक गळतेय, खातापिता येतेय, तर पॅरासिटामॉल, ओआरएस आणि दोन दिवसांचा धीर द्यावा. पावसाळ्यात आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक टाळावे, कारण डेंगी असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, ताप उतरूनही ग्लानी, यातले काही असेल तर औषध न देता तडक दवाखान्याचा रस्ता दाखवावा. लहान मुलाला आणले असेल तर श्वास मोजायला सांगावा: दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त म्हणजे न्यूमोनियाची शंका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर मोजत बसण्याचीही गरज नाही, सरळ रुग्णालय.

आणि तिसऱ्या दिवशी "अ‍ॅझी द्या" म्हणणाऱ्याला परवा फोन करायला सांगता आला तर बघा. आपला नंबर त्याच्याकडे असतोच. घरपोच औषधांसाठी दिलेला. ताप उतरला का, एवढेच विचारायचे. उतरला असेल तर गोळीशिवाय उतरला, हे त्याला आपल्या तोंडून कळेल, आणि पुढच्या पावसाळ्यात तो काय मागायला येतो ते पाहता येईल.

कळावे,

एक गिऱ्हाईक